पणजीच्या पिनकोडची उलटतपासणी : सहा अंकी संख्या वाचण्याची रीत

दिवाळी अंक टपालाने येतो तेव्हा त्याच्या वेष्टनावरील पत्त्याची शेवटची ओळ बहुधा कोणी वाचत नाही. माझ्या टेबलावर पडलेल्या एका वेष्टनावर ती ओळ ‘पणजी, गोवा ४०३००१’ अशी आहे. या सहा अंकांना पत्ता न समजता एक पूर्ण संख्या समजले, म्हणजे ‘चार लाख तीन हजार एक’ असे वाचले, तर तिच्याविषयी काय काय शोधून काढता येते आणि ते कोणत्या क्रमाने शोधावे, हे या लेखात सांगायचे आहे. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेल्या वाचकाला पुरेल एवढेच ज्ञान त्यासाठी लागते. साहित्य म्हणून एक वही, पेन्सिल आणि वर्गमूळाचे बटण असलेला साधा कॅलक्युलेटर जवळ ठेवावा. सगळे काम एका बैठकीत होईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मला चार संध्याकाळी लागल्या, त्यांतील एक वीज गेल्यामुळे फुकट गेली.

प्रथम या संख्येचे मूळ गाव पाहू. पिनकोडची पद्धत भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी तसेच संस्कृत कवी होते. पहिला अंक ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या विभागाचा आहे, पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. गोव्यातील सर्व पिनकोड ४०३ ने सुरू होतात. ही साधी बाब पुढे आपले बरेच कष्ट वाचवणार आहे. पिनकोड ही खूणगाठ आहे, तो कशाचीही मोजदाद करत नाही, त्यामुळे त्याचे अवयव पाडण्याने टपाल लवकर पोहोचणार नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पहिली पायरी : दारातच परत पाठवण्यासारखे विभाजक

कोणत्याही मोठ्या संख्येपुढे बसल्यावर पहिला प्रश्न एकच असतो : ही संख्या मूळ आहे की संयुक्त? जिला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नाही ती मूळ संख्या. शोध लहान विभाजकांपासून सुरू करावा. ४०३००१ च्या एककस्थानी १ आहे, म्हणून २ आणि ५ यांनी तिला भाग जात नाही. अंकांची बेरीज ४ + ० + ३ + ० + ० + १ = ८ येते, म्हणून ३ नेही जात नाही. शाळेत शिकलेल्या कसोट्या बहुतेकांच्या बाबतीत येथेच संपतात आणि ७, ११, १३ यांच्यासाठी हात थेट कॅलक्युलेटरकडे जातो. तो जरा आवरावा, कारण या तिघांसाठी एकच सुंदर कसोटी आहे.

७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे केले आणि मागच्या तुकड्यातून पुढचा वजा केला, तर त्या वजाबाकीला ७, ११ किंवा १३ यांपैकी ज्याने भाग जाईल त्यानेच मूळ सहा अंकी संख्येलाही जातो. कारण सरळ आहे. ४०३००१ म्हणजे ४०३ हजार अधिक १. हजार म्हणजे १००१ वजा १. म्हणून १००१ चा भाग बाजूला काढल्यावर १ − ४०३ एवढेच उरते. चिन्ह विसरून पाहिले तर ४०२, आणि ४०२ = २ × ३ × ६७. यात ७ नाही, ११ नाही, १३ नाही. तिघे एका वजाबाकीत बाद झाले. रीत नीट कळली का हे पाहायचे असेल तर ४०३४०३ ही संख्या घ्यावी. तिचे दोन्ही तुकडे सारखे असल्याने वजाबाकी शून्य येते आणि तिघांनीही भाग जातो.

हीच युक्ती बेरजेनेही चालते, कारण ९९९ = ३ × ३ × ३ × ३७. दोन तुकड्यांची बेरीज ४०३ + १ = ४०४; तिला ३७ ने भाग जात नाही, म्हणून ३७ ही बाद.

दुसरी पायरी : ४०३ च्या पोटात काय आहे

शेजारची नववीतली मुलगी माझी वही पाहून म्हणाली, “काका, ४०३ तर मूळच आहे ना?” बहुतेकांना ती तशीच वाटते. २, ३, ५, ७ आणि ११ या पाचही विभाजकांना ती दाद देत नाही आणि तेवढ्यावर माणूस प्रयत्न सोडतो. पण १३ × ३१ = ४०३. एकमेकांच्या उलट लिहिलेल्या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार आहे, आणि गोव्याच्या प्रत्येक पिनकोडच्या डोक्यावर तो बसलेला आहे.

याचा व्यावहारिक उपयोग असा. पिनकोड कोणताही असो, त्याचा पहिला भाग म्हणजे ४०३०००, आणि त्याला १३ व ३१ यांनी नेहमीच निःशेष भाग जातो. म्हणून गोव्याच्या पिनकोडची १३ किंवा ३१ साठी परीक्षा करताना फक्त शेवटच्या तीन अंकांकडे पाहावे. म्हापशाचा ४०३५०७ घेतला तर ५०७ = १३ × ३९, त्यामुळे ४०३५०७ ला १३ ने भाग जातोच आणि उत्तर ३१०३९ येते. पणजीच्या बाबतीत शेवटचे तीन अंक ००१, म्हणजे १३ ने भागले तरी बाकी १ आणि ३१ ने भागले तरी बाकी १. पुणेकरांना ही सवलत नाही; ४११ = ३ × १३७, आणि १३७ सारखा विभाजक तोंडी हिशेबाच्या कामाचा नव्हे.

तिसरी पायरी : कोठवर जायचे

आता एकेका मूळ संख्येने भागत जाणे आले, पण कोठे थांबायचे हे ठरल्याशिवाय सुरुवात करू नये. ४०३००१ हा दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यांपैकी एक तरी ६३४ किंवा त्याहून लहान असलीच पाहिजे, कारण ६३४ चा वर्ग ४०१९५६ आणि ६३५ चा वर्ग ४०३२२५ आहे. म्हणजे ६३४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम संपते. अशा मूळ संख्या ११५ आहेत; त्यांतील २, ३, ५, ७, ११, १३, ३१ आणि ३७ या आठ आपण आधीच निकालात काढल्या, म्हणून १०७ उरल्या.

ही यादी स्वतः तयार करावी. एराटोस्थेनिसच्या चाळणीची रीत शाळेत १०० पर्यंत सर्वांनी केलेली असते. तीच ६३४ पर्यंत वाढवायची आणि २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ व २३ यांच्या पटी खोडायच्या. २९ चा वर्ग ८४१ असल्याने त्याच्या पटींकडे वेगळे पाहण्याची गरज नाही. यादीत चुकून राहून जाणाऱ्या काही लबाड संख्या येथेच सांगून ठेवतो : २९९ = १३ × २३, ३९१ = १७ × २३, ५२९ = २३ × २३, ५५१ = १९ × २९, ५८९ = १९ × ३१. यांपैकी २९९ पुढे वेगळ्याच वेषात भेटणार आहे.

चौथी पायरी : भागाकार करताना बाकी टिपून ठेवा

या लेखातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही पायरी उचलावी. मी पहिल्या खेपेस वहीत प्रत्येक मूळ संख्येपुढे नुसती फुली मारली, म्हणजे ‘भाग जात नाही’ एवढेच लिहिले, आणि पुढे शेजारच्या संख्येचा विचार मनात आला तेव्हा सगळे भागाकार पुन्हा करावे लागले. फुलीत माहिती नसते. ती बाकीत असते.

कॅलक्युलेटरवर बाकी काढण्याची रीत अशी. ४०३००१ ÷ १७ केल्यावर पडद्यावर २३७०५.९४ असे काहीतरी दिसते. दशांश चिन्हापुढचे सोडून द्यावे, २३७०५ × १७ = ४०२९८५ करावे आणि ४०३००१ मधून वजा करावे. बाकी १६. वहीत ‘१७ : १६’ असे लिहावे. दशांशातील आकड्यांवरून अंदाजाने बाकी ठरवू नये. शंभराच्या पुढच्या विभाजकांना त्या अंदाजात हमखास घोळ होतो.

अशा १०७ ओळी लिहून झाल्या की शून्य बाकी एकाही ओळीत सापडत नाही, आणि तेथे निकाल लागतो : ४०३००१ ही मूळ संख्या आहे. पणजीच्या पिनकोडला १ आणि स्वतःशिवाय कोणीही भागू शकत नाही.

हा निकाल पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी बेतीच्या फेरीबोटीत उभा होतो आणि शेवटचा भागाकार ६३१ चा होता. बाकी ४२३ आली, वही मिटली, आणि धक्क्यावर उतरल्यावर यादीत एक मूळ संख्या लिहायची राहून गेल्याचे लक्षात आले. म्हणून दुसरी सूचना : शेवटी ओळी मोजाव्यात. १०७ भरल्या नाहीत तर निकाल जाहीर करू नये.

आता बाकीच्या रकान्याचे खरे मोल पाहू. १७ पुढे १६ बाकी आहे, म्हणजे निःशेष भाग जायला एकच कमी पडला. म्हणून ४०३००२ ला १७ ने भाग जातो. खाली ४३९ पुढे ४३८ बाकी आहे, तेथेही एकच कमी. म्हणून ४०३००२ ला ४३९ नेही भाग जातो. ४०३००२ हा करंजाळ्याचा पिनकोड, आणि त्याचे पूर्ण अवयव आपण त्याला हातही न लावता मिळवले : २ × ३ × ३ × ३ × १७ × ४३९.

जेथे तीन कमी पडले आहेत अशा ओळी शोधाव्यात. ७ ची बाकी ४, ३७ ची ३४, ३८९ ची ३८६. या तिघी दोनापावलाच्या ४०३००४ कडे बोट दाखवतात, आणि खरोखरच ४०३००४ = २ × २ × ७ × ३७ × ३८९. जेथे चार कमी पडले आहेत तेथे ६७ ची बाकी ६३ आणि ४०१ ची ३९७ दिसते; सांताक्रूझचा ४०३००५ = ३ × ५ × ६७ × ४०१. पाच कमी पडलेली २३ ची ओळ (बाकी १८) रायबंदरच्या ४०३००६ ला भागते, आणि तो २ × २३ × ८७६१ असा फुटतो. एका संख्येसाठी केलेला हिशेब असा आसपासच्या सगळ्या गावाला पुरतो. चौकशी पणजीची केली आणि बातमी शेजाऱ्यांची मिळाली, असा हा प्रकार आहे.

पाचवी पायरी : जोडीदार आहे का

दोनने अंतर असलेल्या दोन मूळ संख्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा जोड्या शाळेतच भेटतात. ४०३००१ चा जोडीदार मागे ४०२९९९ किंवा पुढे ४०३००३ असू शकतो. ४०२९९९ च्या अंकांची बेरीज ३३ आहे, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि ती बाद होते. ४०३००३ साठी नवा भागाकार एकही करायचा नाही. तिलाही ६३४ पर्यंतच तपासायचे आहे, आणि तिला कोणाकडून भाग जायचा तर आपल्या वहीत त्या मूळ संख्येपुढे नेमके दोन कमी पडलेले दिसले पाहिजेत. रकाना वरपासून खालपर्यंत वाचला तर एक कमी, तीन कमी, चार कमी सापडतात. दोन कमी एकदाही सापडत नाही. सुरुवातीच्या ज्या आठ संख्यांना आपण कसोटीने बाद केले होते त्यांची परीक्षा तेवढी पुन्हा घ्यावी : अंकांची बेरीज १०, तुकड्यांची वजाबाकी ४००, बेरीज ४०६, शेवटचे तीन अंक ००३. त्यांतूनही काही निघत नाही. म्हणजे ४०३००३ हीसुद्धा मूळ संख्या आहे आणि ४०३००१ व ४०३००३ ही जोडमूळ जोडी आहे.

मधली ४०३००२ ला ६ ने भाग जातो, यात नवल नाही. ३ आणि ५ ही जोडी सोडली तर प्रत्येक जोडमूळ जोडीच्या मधल्या संख्येला ६ ने भाग जातोच. अशा जोड्या अनंत आहेत की नाहीत, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वी दाखवले, पण जोड्यांचा प्रश्न तसाच आहे. २०१३ मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी ७ कोटींपेक्षा कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत असल्याचे सिद्ध केले, तेव्हा त्या अंतराच्या आकड्यालाही मोठे यश मानले गेले.

सहावी पायरी : दोन वर्गांची बेरीज

हा भाग मला सगळ्यांत प्रिय आहे, म्हणून थोडे रेंगाळतो. फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६४० मध्ये मर्सेन या विद्वानाला लिहिलेल्या पत्रात असे विधान केले होते की ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर १ बाकी उरते ती दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. सिद्धता ऑयलर या गणितज्ञाने शंभरएक वर्षांनी दिली. ४०३००१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणजे असे दोन वर्ग आहेतच. ते शोधायचे कसे?

आंधळेपणाने शोधले तर शेकडो प्रयत्न होतील. त्याऐवजी शेवटचे अंक पाहावेत. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ च येतो. दोन वर्गांच्या बेरजेच्या एककस्थानी १ यायचा असेल तर ० आणि १ किंवा ५ आणि ६ एवढ्याच जोड्या चालतात. दोन्हींत एक वर्ग ५ च्या पटीतल्या संख्येचा आहे, आणि म्हणून तो वर्ग २५ च्या पटीत आहे. ४०३००१ ला २५ ने भागल्यावर १ उरतो, तेव्हा दुसऱ्या वर्गाला २५ ने भागल्यावरही १ च उरला पाहिजे, आणि असे फक्त २५ च्या एखाद्या पटीला लागून असलेल्या संख्यांच्या बाबतीत घडते. म्हणजे १, २४, २६, ४९, ५१, ७४, ७६ अशा संख्याच तपासायच्या. ६३४ पर्यंत त्या फक्त ५१ आहेत.

प्रत्येक वेळी वर्ग वजा करून वर्गमूळाचे बटण दाबावे. चोविसाव्या प्रयत्नाला २९९ येते. २९९ चा वर्ग ८९४०१; ४०३००१ − ८९४०१ = ३१३६००; बटण दाबल्यावर पडद्यावर स्वच्छ ५६० उभे राहते, पुढे दशांश चिन्हाचा मागमूस नाही. ४०३००१ = ५६०² + २९९². चाळणीत मूळ संख्येचे सोंग घेणारी २९९ ती हीच.

यातून एक काटकोन त्रिकोणही फुकट मिळतो. दोन वर्गांची वजाबाकी ३१३६०० − ८९४०१ = २२४१९९ आणि ५६० व २९९ यांच्या गुणाकाराची दुप्पट ३३४८८० या दोन बाजू घेतल्या तर कर्ण नेमका ४०३००१ येतो. ज्यांना हे पडताळून पाहायचे असेल त्यांनी कागदावरच करावे, कारण येथे वर्ग बारा अंकी होतात आणि साधा कॅलक्युलेटर हात वर करतो.

जोडीदार ४०३००३ ला हे भाग्य नाही. तिला ४ ने भागल्यावर ३ उरतात, आणि कोणत्याही वर्गाला ४ ने भागल्यावर ० किंवा १ च उरत असल्याने दोन वर्गांच्या बेरजेत ३ कधीच उरू शकत नाहीत.

सातवी पायरी : यंत्रे हेच काम कसे करतात

ही पायरी ज्यांना नको असेल त्यांनी ओलांडावी. शेकडो अंकी संख्यांना एकेका मूळ संख्येने भागत बसणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही, म्हणून फर्माच्याच दुसऱ्या एका नियमाचा आधार घेतला जातो : p ही विषम मूळ संख्या असेल तर २ चा (p − १) वा घात p ने भागल्यावर बाकी १ उरते. आपल्या बाबतीत p − १ = ४०३००० = २³ × ५³ × १३ × ३१, इतकी ती सहज फुटते. घात वाढवताना दर वेळी वर्ग करायचा आणि लगेच ४०३००१ ने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. या रीतीने २ चा ५०३७५ वा घात (५०३७५ म्हणजे ४०३००० चा आठवा भाग) पंधरा वेळा वर्ग करून आणि मध्ये लागेल तेथे २ ने गुणून मिळतो. मी तो कागदावर काढला. बाकी ४०३००० आली, म्हणजे पूर्ण भागाला फक्त एक कमी. त्याचा पुन्हा वर्ग केला की बाकी १ होते आणि नियम पाळला जातो. चार संध्याकाळच्या भागाकारांना मिळालेला हा स्वतंत्र दुजोरा होता.

मात्र हा नियम उलट दिशेने लावू नये. ३४१ ही संख्या ११ × ३१ असूनही २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागल्यावर बाकी १ च उरते. परीक्षेत नापास झालेली संख्या निश्चितपणे संयुक्त असते, पण पास झालेली मूळ असेलच असे नाही.

आठवी पायरी : कापरेकरांच्या घाण्यात घालून पाहा

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहिले तर, सगळे अंक सारखे नसल्यास, शेवटी ६१७४ येतेच. सहा अंकांना ही रीत लावली तर एकच ठरलेला मुक्काम नसतो : काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि उरलेल्या सात संख्यांच्या एका चक्रात फिरत राहतात. पणजी कोठे जाते ते पाहू.

४०३००१ चे अंक उतरत्या क्रमाने ४३१०००, चढत्या क्रमाने ०००१३४. वजाबाकी ४३०८६६. आता तिचे अंक ८६६४३० आणि ०३४६६८, वजाबाकी ८३१७६२. पुढे ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि बाराव्या वजाबाकीला ८५१७४२. येथून चक्र लागते : ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. पणजी एकदा या चक्रात शिरली की बाहेर पडत नाही.

येथे होणारी नेहमीची चूक म्हणजे पुढची शून्ये गाळणे. ०३४६६८ लिहिताना शून्याची जागा धरली नाही तर पुढचा सगळा प्रवास बिघडतो. पडताळ्यासाठी सोपा उपाय आहे. प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग गेलाच पाहिजे. अंकांची बेरीज २७, ३६ किंवा क्वचित ४५ आली नाही तर तेथेच थांबून मागची ओळ पाहावी. या प्रवासात ८२९९६२ ची बेरीज तेवढी ३६ येते, बाकी सगळ्यांची २७.

नववी पायरी : आता आपला पिनकोड

इतर गावांच्या पिनकोडना पणजीइतके कष्ट पडत नाहीत, कारण बहुतेक लवकरच फुटतात. वास्कोचा ४०३८०२ सम आहे, तो दारातच फुटला. फोंड्याच्या ४०३४०१ च्या अंकांची बेरीज १२, म्हणून ३ ने भाग गेला. मडगावचा ४०३६०१ दिसायला पणजीसारखाच करारी आहे, पण तुकड्यांची वजाबाकी ६०१ − ४०३ = १९८ येते, आणि १९८ ला ११ ने भाग जातो; म्हणून ४०३६०१ = ११ × ३६६९१. पुढे ३६६९१ ही मूळ संख्या आहे, हे ज्याला पाहायचे असेल त्याला १९१ पर्यंतच जावे लागेल. म्हापशाचे ३१०३९ ही मूळच निघते, आणि तेथे १७३ वर थांबता येते.

पेडण्याचा ४०३५१२ मात्र आवर्जून करून पाहावा. शेवटचे तीन अंक ५१२, त्यांना ८ ने भाग जातो, म्हणून संपूर्ण संख्येलाही जातो; उत्तर ५०४३९. त्याच्या अंकांची बेरीज २१, म्हणून ३ ने भागावे, १६८१३. पुढे १७ ने भागले की ९८९, आणि ९८९ = २३ × ४३. म्हणजे ४०३५१२ = २ × २ × २ × ३ × १७ × २३ × ४३, सगळे अवयव पन्नासच्या आत. विभाजक किती हे मोजण्यासाठी प्रत्येक मूळ अवयव किती वेळा आला त्यात एक मिळवून गुणाकार करावा : २ तीन वेळा आला म्हणून ४, बाकीचे एकेकदा आले म्हणून प्रत्येकी २. ४ × २ × २ × २ × २ = ६४. पेडण्याच्या पिनकोडला चौसष्ट विभाजक आहेत आणि पणजीच्या पिनकोडला दोन.